कूट तर असणारच

आमचं घर शेंगदाण्यांवर जगलं. हे वाक्य शोभेचं नाही, अक्षरशः खरं आहे.

बाबा दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयाच्या कँटीनमध्ये कामाला होते. कपबशा विसळण्यापासून सुरुवात झाली आणि पुऱ्या तळण्यापर्यंत बढती झाली. लक्ष्मीबाई नगरात एका मराठी अधिकाऱ्याच्या क्वार्टरमागे एक खोली होती, ती आम्हाला राहायला मिळाली. त्याबदल्यात आई त्यांच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची. सोलापूरकडच्या आमच्या गावाहून दर वर्षी कुणी ना कुणी रेल्वेनं शेंगांचं पोतं घेऊन यायचं. ते पोतं म्हणजे आमची वर्षाची बेगमी. आई शेंगा फोडायची, दाणे भाजायची आणि लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटायची. महिन्याचे शेवटचे दिवस आले की भाजी बंद. पोळी आणि चटणी. चटणीला तेल सुटेपर्यंत ती हात थांबवायची नाही, कारण वरून घालायला तेल नसायचं. आम्हा भावंडांना ताप आला तरी दाण्याचं कूट, परीक्षा आली तरी गूळ-दाणे.

शाळेत मी डबा उघडला की शेजारची मुलगी म्हणायची, "फिर वही लाल मिट्टी?"

मी म्हणायचे, "हाँ, वही. और तेरे को नहीं मिलेगी."

बारावी झाल्यावर अधिकाऱ्यांच्या बायकोनं आईला समजावलं, "हिला टायपिंगला घाला. लवकर हाताशी येईल. कॉलेज वगैरे तुमच्यासारख्यांना कशाला?"

आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "टायपिंग काय बाईसाहेब, ती झोपेतसुद्धा शिकेल. कॉलेजात जायचंय तिला. जाऊ द्या."

मी बी.एस्सी. झाले, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. आमच्या दोन्ही बाजूंच्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. शेवटच्या वर्षी प्रतिकारशक्तीचा पेपर होता. त्यात मास्ट पेशीची आकृती काढायची असे. गोल पेशी आणि आत ठासून भरलेले कण. मी ती साबुदाण्यानं भरलेल्या कापडी पिशवीसारखी काढायचे. प्राध्यापिका हसायच्या, पण गुण द्यायच्या. परीक्षा संपली आणि मी त्या पिशवीला विसरले.

ते दिवस नव्या कंपन्यांचे होते. मला एका खासगी लॅबमध्ये नोकरी लागली. लग्न झालं. नवरा मानेसरच्या कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या खात्यात; पहाटे कंपनीची बस त्याला घेऊन जाई. दिल्लीतल्याच द्वारका भागात सोसायटीत फ्लॅट घेतला तेव्हा समोर नुसती धूळ आणि पाण्याचे टँकर होते, मेट्रो मागाहून आली. बाबा तोवर निवृत्त झाले होते. ते आणि आई पालमच्या बाजूला भाड्यानं राहायला आले. बाबा रोज संध्याकाळी सायकलवरून आमच्याकडे येत.

पहिल्या दिवशी गेटवरच्या गार्डनं त्यांना अडवलं. अंगात जुना शर्ट, कॅरिअरला शेंगांची पिशवी. "मज़दूरों की एंट्री उधर से," तो म्हणाला. मी खाली उतरून त्या गार्डला जे बोलले ते सगळ्या टॉवरनं ऐकलं. बाबाच मला आवरत होते, "अगं, त्यानं मला आधी कधी पाहिलंय का? पाहील हळूहळू." आणि झालंही तसंच. रोज येऊन येऊन बाबा त्याच्या ओळखीचे झाले. पुढे तो लांबून सायकल बघूनच दांडा वर करायचा.

मग मुलगी झाली. तिला जन्मापासून इसब. गालांवर, कोपरांच्या आत, गुडघ्यांमागे कातडी चिरलेली असायची. ती पावलं टाकायला लागली तेव्हा माझ्या आईनं कौतुकानं दाण्याचा लाडू तिच्या ओठांना लावला. थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या.

"पित्त उठलंय," आई म्हणाली. "आमसूल भिजव."

आमसुलाचं पाणी लावलं, गांधी बसल्या, सगळे निश्चिंत. पित्तावर आमसूल हे आमच्याकडे कुणी विचारसुद्धा करत नाही इतकं पक्कं आहे. पुढच्या खेपेला पोह्यांतला एक दाणा चघळून तिचा ओठ सुजला, तेव्हा मात्र मी तिला घेऊन डॉक्टरकडे गेले. कातडीवर थेंब टाकून टोचायची चाचणी झाली. शेंगदाण्याचा थेंब टाकला तिथे रुपयाएवढा फुगवटा आला.

"शेंगदाणे बंद," डॉक्टर म्हणाले. बस, एवढंच.

आईला ते पटेचना. "ज्याच्यावर तुम्ही सगळी वाढलात, ते हिला बाधतं? काहीतरीच!" पण नातीच्या जिवाचा प्रश्न होता. तिनं स्वतःच माझ्या घरातले डबे रिकामे केले, खलबत्ता जुन्या साडीत गुंडाळला आणि आपल्या घरी घेऊन गेली. जाताना दारात नुसती उभी राहिली. 

नातेवाईक मात्र भरपूर बोलले. पुण्याची एक आत्या म्हणाली, "गरोदरपणी दाणे खाल्लेस ना, म्हणून." मुंबईची मावशी म्हणाली, "गरोदरपणी दाणे खाल्ले नाहीस ना, म्हणून." मी दोघींना सांगितलं, तुम्ही आधी आपसात ठरवा आणि मग मला फोन करा.

आमच्या सेक्टरमधली मराठी कुटुंबं मिळून गणपती बसवायची. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. जेवण प्रत्येकीनं थोडंथोडं करून आणायचं. कोशिंबीर मंडळातल्या एका काकूंची होती. त्यांचे यजमान केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. काकू स्वतः प्रेमळ आणि सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या.

मी विचारलं, "काकू, यात शेंगदाणे नाहीत ना? हिला चालत नाहीत."

"एकही दाणा नाही गं. हे बघ की." त्यांनी पळीनं कोशिंबीर वरखाली करून दाखवली. खरंच एकही दाणा नव्हता.

मुलीनं दोनचार घास खाल्ले आणि म्हणाली, "आई, जीभ में काँटे लग रहे हैं." मग खोकला सुरू झाला. आवाज घोगरा झाला. डोळ्यांभोवती सूज चढू लागली.

मी ओरडले, "काकू, कोशिंबिरीत काय काय आहे?"

"काकडी, दही, मिरची, साखर, कूट..."

"कूट?"

"कूट तर असणारच! कुटाशिवाय काकडीची कोशिंबीर होते का कुठे? पण दाणे नाही हं घातले, शप्पथ!"

ही चूक फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकते. आमच्या डोक्यात दाणे म्हणजे खायची गोष्ट आणि कूट म्हणजे मीठ. ते सगळ्यात असतंच, म्हणून ते कुठेच नसतं. मला काकूंचा राग आला नाही. त्यांच्या जागी माझी आई असती तर तीही हेच म्हणाली असती.

रिक्षात मुलगी माझ्या मांडीवर सैल पडत चालली होती. रुग्णालयात तिच्या मांडीत अॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत रंग परतला. ड्युटीवरचा तरुण डॉक्टर म्हणाला, "एक चम्मच और खा लेती तो..." आणि थांबला. वाक्य मी मनात पूर्ण केलं. पुन्हा कधी केलं नाही.

तेव्हापासून अॅड्रेनालिनची कुपी आणि सिरिंज आमच्याबरोबर कंपासपेटीत असायची. परदेशात त्याचं तयार पेन मिळतं म्हणे, इथल्या दुकानांत मिळत नव्हतं. मी आणि नवरा मोसंबीवर सुई टोचायला शिकलो. कितीतरी मोसंबी आम्ही अशी वाचवली.

मुलगी पहिलीत गेली तेव्हा मी शाळेत जाऊन सगळं खरं सांगितलं. खरं सांगितल्याचं बक्षीस लगेच मिळालं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मैडम, टिफ़िन के टाइम बच्ची मेडिकल रूम में बैठेगी. और पिकनिक पर हम इसे नहीं ले जा पाएँगे. ज़िम्मेदारी की बात है."

"कब तक?"

"जब तक ये ठीक नहीं होती."

त्यामुळे रोज मधल्या सुट्टीत माझी मुलगी मेडिकल रूमच्या पलंगावर वजनकाट्याकडे तोंड करून एकटी जेवू लागली. एक दिवस तिनं विचारलं, "आई, मी सिक आहे?"

"नाही."

"मग मी सिक लोकांच्या रूममध्ये का खाते?"

मी तिचा डबा धुवायला घेतला. वर्ग सहलीला गेला त्या दिवशी तर तिला शाळेतच बोलावलं नाही. ती गणवेश घालून बाल्कनीत उभी राहिली. खालून पिवळी बस गेली, तिनं हात केला. त्या दिवशी मी ठरवलं. ही मुलगी वर्गाबरोबर बाकावर बसून जेवेल आणि पुढच्या कुठल्यातरी बसमध्ये हीसुद्धा असेल. कसं, ते ठाऊक नव्हतं. पण लाल मिट्टीचा डबा मी वर्गाच्या मधोमध बसून खाल्ला होता. माझी मुलगी कोपऱ्यात खाणार नव्हती.

लॅबमधल्या ओळखीतून मला एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंचं नाव कळलं. बरीच वर्षं परदेशात लहान मुलांच्या अॅलर्जीवर काम करून त्या परतल्या होत्या. केस पांढरे, बोलणं सरळ. मी प्रश्न विचारायला लागले तसं त्यांनी विचारलं, "क्या पढ़ी हैं आप?"

"बी.एस्सी."

"तो चित्र बनाकर समझाती हूँ."

मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं. "मास्ट पेशी मी काढते. तुम्ही पुढचं सांगा." आणि साबुदाण्याची पिशवी काढली. त्या मनापासून हसल्या आणि खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसल्या. हिंदी-इंग्रजीत बोलत होत्या. मला जसं समजलं तसं लिहिते.

आपण जे खातो त्याचे बारीक तुकडे आतड्यातल्या काही पेशी उचलतात आणि टी पेशींना, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, नेऊन दाखवतात. बहुतेकांच्या टी पेशी म्हणतात, जेवण आहे हे, जाऊ द्या. काहींच्या टी पेशी म्हणतात, शत्रू आहे. मग बी पेशी त्या शत्रूसाठी खास अँटिबॉडी बनवतात, तिचं नाव आयजीई. या आयजीई जाऊन मास्ट पेशींच्या अंगावर बसतात आणि वाट बघतात. पुन्हा दाणा आला की त्याचा कण शेजारशेजारच्या आयजीईंना एकदम धरतो, आणि पिशवी फुटते. आतला साबुदाणा बाहेर सांडतो, म्हणजे हिस्टामिन आणि त्याच्यासारखी आणखी रसायनं. गांधी, सूज, उलटी, श्वास अडकणं हे सगळं त्या सांडण्याचं.

"इसब असलेल्या बाळांमध्ये दाण्याची ओळख पुष्कळदा पोटाआधी कातडीतून होते," त्या म्हणाल्या. "घरात दाण्याची धूळ असते आणि कातडी चिरलेली असते. तिकडून झालेली ओळख बहुतेक भांडणाचीच असते."

"आमच्या घरात कूट हवेतच असायचं," मी म्हणाले.

"असेल. पण ते ओझं घेऊन घरी जाऊ नका."

"नाही नेणार." आणि नाही नेलं. ज्या कुटावर चार पोटं भरली त्याची मला लाज वाटत नाही.

मग त्यांनी उपाय सांगितला. दाण्याचं पीठ, आधी डोळ्याला जेमतेम दिसेल इतकं, तोंडावाटे, रोज. सहन झालं तर त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवायचं. रोज थोडंथोडं समोर आलं की मास्ट पेशी थंडावतात, सहजासहजी फुटत नाहीत. रक्तात वेगळ्या जातीच्या अँटिबॉडी वाढतात, त्या दाण्याच्या कणाला मास्ट पेशीपर्यंत पोचण्याआधीच पकडतात. आणि काही टी पेशींचं कामच बाकीच्यांना आवरण्याचं असतं, त्यांचाही यात हात असावा असा अंदाज आहे.

"अंदाज?"

"हो, अंदाज. सगळं कळलंय असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका."

"म्हणजे ती बरी होईल?"

"बरी हा शब्द मी वापरत नाही. रोज खात राहिली तर तिचं शरीर सहन करेल. सोडलं तर पुन्हा पहिल्यासारखं होऊ शकतं. आणि वाटेत त्रास होईल. कदाचित इंजेक्शनही द्यावं लागेल."

मला ती बाई आवडली.

नवऱ्याला उपाय आवडला नाही. "ज्यानं पोरगी मरता मरता वाचली तेच रोज खायला घालायचं? यार, आमच्या लाइनवर एखाद्या पार्टला मशीन सोसत नसेल तर तो बाजूला काढतात. परत परत मशीनमध्ये नाही घालत."

"ती पार्ट नाही."

"तेच म्हणतोय ना मी! पार्ट असती तर घातली असती!"

"मग काय करायचं?"

"अवॉइड करू. बिल्कुल बंद."

"केलं होतं ना बंद? कोशिंबिरीत कुठून आलं?"

 मी थांबले नाही. "या शहरात थंडी पडली की कोपऱ्याकोपऱ्यावर मूंगफलीची गाडी. जानेवारीत लोहडीचा सण आला की आपल्याच सोसायटीत मूठमूठ दाणे वाटतात, आगीत टाकतात. आपल्या लोकांकडे जावं तर कूट. कुठे ठेवणार आहेस तिला? शोकेसमध्ये?"

त्यानं दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मग स्वतः डॉक्टरबाईंना भेटून आला, कारखान्यात विचारतात तसे खोचक प्रश्न विचारून आला, आणि म्हणाला, "चलो. पण कुठलाही डोस चमच्यानं अंदाजे नाही द्यायचा."

"पुड्या रुग्णालयातूनच मिळतात."

"मग ठीक."

इथे मी स्पष्ट लिहिते, कारण लोक वाचतात आणि लगेच प्रयोग करतात. हे घरच्या घरी करून बघायचं नाही. पहिला डोस आणि पुढचा प्रत्येक वाढीव डोस आम्ही रुग्णालयात, शेजारी इंजेक्शन भरून ठेवलेलं असताना दिला.

पहिल्या दिवशी आई आमच्याबरोबर आली होती. नर्सनं पुडी उघडली. आईनं चष्मा वर-खाली करून पाहिलं. "एवढंसं? एवढं तर माझ्या पदराला लागलेलं असतं."

मुलगी म्हणाली, "आजी, ही पावडर तुझ्या चटणीची आहे?"

"माझ्या चटणीला लसूण असतो. हे काय, नुसतंच!"

शिकरणीत कालवून तिला ती पुडी दिली. आम्ही तिघी भिंतीकडे पाठ करून बसलो आणि मी तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. काही झालं नाही. आई पदराखाली हात जोडून बसली होती, ते मी बघितल्याचं तिला दाखवलं नाही.

नंतर घरी रोज संध्याकाळी तेच. नियम साधे होते आणि मोडायचे नव्हते. पोट भरलेलं हवं. ताप असला तर डोस नाही, आधी डॉक्टरांना फोन. डोसनंतर धावपळ नाही, बसून राहायचं. कधी तोंडाला खाज यायची, कधी पोट दुखायचं. मुलीला ती चव सहन होत नव्हती. शरीर ज्याला शत्रू म्हणतं ते जिभेला गोड कसं लागेल?

"मी नाही खाणार. गंदा है."

"नको खाऊस. पण कशासाठी खातोय ते आठवतंय ना?"

तिनं वाटी बोटानं गोल फिरवली. "हे खाल्लं की मेडिकल रूम बंद?"

"मी बंद करून दाखवते."

"दे इकडे."

ही माझी मुलगी. तिला मराठीतलं 'कुपथ्य' माहीत नाही, 'आमसूल' माहीत नाही, पण अडून कसं बसायचं ते तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

डोस वाढत वाढत बऱ्यापैकी वर आले होते आणि एका संध्याकाळी ते झालं. तिनं वाटी संपवली, मी स्वयंपाकघरात वळले, खालून मैत्रिणींनी हाका मारल्या आणि ती सटकली. पकडापकडी खेळून जिने चढून आली तेव्हा मानेपर्यंत गांधी, दारातच उलटी, आणि श्वासाबरोबर शिटीसारखा आवाज. कंपासपेटी हातात आली.  लेगिंगवरूनच मांडीत सुई टोचली, तिला उचललं आणि रुग्णालय गाठलं.

दुसऱ्या दिवशी फोनवर फोन. काकू रडत म्हणाल्या, "अगं, विष आहे ते, विष! का पोरीच्या जिवावर उठलीस?" शिकलेली माणसं म्हणाली, ज्याची अॅलर्जी ते खायचं नाही हे लहान मुलाला कळतं, तुला कळत नाही? एका बाईनं तर तोंडावर सांगितलं, थोडंसं शिक्षण फार वाईट. मी त्यांना म्हटलं, थोडंसंच आहे खरं, पण माझ्या घराण्याचं सगळं तेवढंच आहे, म्हणून मी पूर्ण वापरते.

खरी भीती नवऱ्याची होती. तो आदल्या रात्रीच मानेसरहून थेट रुग्णालयात आला होता. मुलगी झोपली होती. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती.

तो म्हणाला, "डोस घेऊन पळाली ना?"

"हो."

"म्हणजे कारण सापडलं. कारण सापडलं की लाइन बंद करत नाहीत. सुधारतात."

माझी सगळी उत्तरं वाया गेली आणि मी त्या खुर्चीत बसून रडले. या सगळ्या काळात तेवढंच एकदा.

डॉक्टरबाईंनी डोस खाली आणला आणि पुन्हा हळूहळू चढवला. डोसनंतर आता बाबा तिच्यासमोर पत्ते मांडून बसायचे आणि मुद्दाम हरायचे, म्हणजे ती उठत नसे. मग एक दिवस पीठ संपून अर्धा दाणा आला. मग अख्खा. शेवटी रुग्णालयात सगळ्यांच्या देखत तिनं एका बैठकीत थोडंथोडं करून छोटी मूठभर दाणे खाल्ले आणि काही झालं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता वाढवायचं नाही. रोज ठरलेले मोजके दाणे, न चुकता.

"रोज? कायम?" मुलगी वैतागली. "आता तर दोस्ती झाली ना?"

बाबा पत्ते पिसत म्हणाले, "मी मधे गावाला जाऊन राहिलो, आठवतं? परत आलो तर तुमच्या गेटवर नवा गार्ड. 'किससे मिलना है, बाबा?' पुन्हा सगळं पहिल्यापासून. रोज यावं लागतं, बाळा."

उपमा शंभर टक्के बरोबर नाही. मास्ट पेशींची बदली होत नाही, त्या तिथेच असतात आणि जुनं वैर त्यांना आठवू शकतं. पण मुलीला पटली. मलाही चालली.

त्या वर्षीच्या गणपतीत काकूंनी आम्हाला दारातच गाठलं. "हिच्यासाठी वेगळी वाटी केलीय. बिनकुटाची. मी चाखून बघितली, अगदीच बेचव झालीय, पण खा बाई."

मुलगी म्हणाली, "काकू, मी कूट खाते. रोज खाते. आज घरून खाऊन आले."

 काकूंनी बेचव वाटी उचलली आणि स्वतःच्या यजमानांच्या पानात उपडी केली.

राहिली शाळा. मी डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापिकांसमोर बसले. त्यांनी ती दोनदा वाचली. "मैडम, गारंटी कौन देगा?"

"गारंटी तो आप भी नहीं देतीं कि बच्चा पास होगा. फिर भी फ़ीस लेती हैं."

त्यांच्या भुवया वर गेल्या. मी चिठ्ठीशेजारी कंपासपेटी ठेवली. "ती बरी झालीय असं मी म्हणत नाही," मी हिंदीत सांगितलं. "पण चुकून कुणाच्या डब्यातला घास पोटात गेला तर आता ती तो पचवू शकते. आणि तरीही काही झालंच तर हे इंजेक्शन आहे. तुमच्या सिस्टरना आणि सहलीला जाणाऱ्या टीचरना ते कसं द्यायचं मी शिकवते. मोसंबी मी घेऊन येते."

"मोसंबी?"

"सुई टोचायला."

त्या हसल्या नाहीत, पण घंटा वाजवून त्यांनी सिस्टरला आत बोलावलं. पुढच्या आठवड्यात त्या शाळेच्या स्टाफ रूममध्ये पाच शिक्षिका मोसंब्यांना इंजेक्शन देत होत्या आणि मी, कँटीनमध्ये पुऱ्या तळणाऱ्याची मुलगी, टेबलाच्या टोकाला उभी राहून त्यांचे हात दुरुस्त करत होते.

मुलगी दुसऱ्या दिवसापासून बाकावर बसून जेवू लागली. मेडिकल रूममधल्या तिच्या पलंगावर आता खरंच आजारी असलेली मुलं झोपतात.

थंडीत सहल निघाली. पहाटे बस आली तेव्हा खाली धुकं होतं, बाबा सायकल धरून उभे होते आणि गार्डनं त्यांच्यासाठी खुर्ची आणली होती. टीचरच्या पर्समध्ये कंपासपेटी होती. डब्यात आईनं पोळी-भाजी दिली होती. दिवसभर मी लॅबमध्ये काम केलं, फोन टेबलावर उलटा न ठेवता सुलटा ठेवला, आणि तो वाजला नाही.

माझी मुलगी अजूनही रोज आपले ठरलेले दाणे खाते आणि अजूनही तोंड वाकडं करते. त्या दिवशी ती वर्गाबरोबर सहलीला गेली, सगळ्यांच्या मधे बसून जेवली आणि संध्याकाळी धडधाकट घरी आली.